न दाबलेलं बटण

मराठीतलं कुठलंही बातम्यांचं संकेतस्थळ उघडा. मथळ्याखाली, लेखाच्या शेवटी, आणि मोबाइलवर वाचत असाल तर पडद्याच्या तळाशी, शेअर करण्याच्या बटणांची ओळ असतेच. दिवाळी अंक, छोट्या प्रकाशन संस्था, ग्रंथालयं, शाळा, कोणीही नवं संकेतस्थळ करून घेतलं की ती आपोआप येते. बटणं हवीत की नकोत, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ती फुकट मिळतात, बसवायला चार ओळींचा कोड पुरतो आणि वाचकाची सोय होते, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. या तिन्ही समजुती तपासून पाहायला हव्यात असं मला वाटतं. वाचकाला आपण काय समजतो, हे त्या एवढ्याशा बटणात जितकं उघड होतं, तितकं आपल्या 'आमच्याविषयी'च्या पानात होत नाही.

आधी त्या चार ओळींच्या कोडचं पाहू. बटण म्हणजे एक चित्र, वाचकानं ते दाबलं तरच काही घडणार, असा आपला समज असतो. फेसबुकनं एप्रिल २०१० मध्ये आपलं 'लाइक' बटण बाहेरच्या संकेतस्थळांसाठी खुलं केलं, ते मात्र तसं नव्हतं. पानात असतो तो फक्त फेसबुकच्या सर्व्हरचा पत्ता. वाचकानं पान उघडलं की त्याचा ब्राउझर बटण आणायला त्या पत्त्यावर जातो. कोणत्या संकेतस्थळावरून, पुष्कळदा तर नेमक्या कोणत्या पानावरून आलो, हेही तिथे कळवतो. वाचकाचं फेसबुकवर खातं असेल तर त्याची ओळख पटवणारी कुकीही सोबत जाऊ शकते. समजा, एखाद्या बाईंनी स्तनातल्या गाठीविषयीचा लेख रात्री, घरातले सगळे झोपल्यावर वाचला. कोणाला पाठवला नाही, कोणाशी अक्षर बोलल्या नाहीत. पान बंद करून फोन बाजूला ठेवला. पण लेखाखाली तसं बटण असेल, तर त्यांनी काय वाचलं याची खबर त्यांच्या नवऱ्याच्या आधी एका परदेशी जाहिरात कंपनीला लागलेली असते. त्यासाठी त्यांना बटणाला हातही लावावा लागत नाही. सफारी आणि फायरफॉक्ससारखे ब्राउझर आता यातलं बरंचसं अडवतात. पण वाचकानं कोणता ब्राउझर वापरावा यावर आपली जबाबदारी सोडून देणं मला पटत नाही.

जर्मनीत हा वाद फार आधी सुरू झाला. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या माहिती संरक्षण कार्यालयानं ऑगस्ट २०११ मध्येच तिथल्या संकेतस्थळांना हे बटण काढून टाकायला सांगितलं. पुढे 'फॅशन आयडी' नावाच्या कपडे विकणाऱ्या संकेतस्थळावर एका ग्राहक संघटनेनं दावा लावला. तो युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि २९ जुलै २०१९ ला निकाल लागला : बटण बसवणारं संकेतस्थळ वाचकाची माहिती गोळा करून ती फेसबुककडे पोचवण्यात फेसबुकसह संयुक्तपणे जबाबदार आहे. पुढे फेसबुक त्या माहितीचं काय करतं याचा दोष संकेतस्थळावर येत नाही, पण दार त्यानंच उघडलं असल्यानं त्याला हात झटकता येत नाहीत. हा निकाल मला कायद्यापेक्षाही साध्या न्यायबुद्धीला धरून वाटतो. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संकेतस्थळं चालवणाऱ्यांच्या सवयी मात्र अजून २०१० सालच्याच आहेत.

फुकट मिळण्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. सगळ्या समाजमाध्यमांची बटणं एका झटक्यात देणारं 'ॲडधिस' हे साधन एके काळी लाखो संकेतस्थळांवर होतं. ब्लॉगवर होतं, तसं मोठमोठ्या संस्थांच्या संकेतस्थळांवरही. २०१४ साली प्रिन्स्टन आणि बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हे साधन वाचकाच्या ब्राउझरकडून न दिसणारं चित्र काढून घेतं आणि ते चित्र उमटण्यातल्या बारीक फरकांवरून त्याचं यंत्र ओळखायचा प्रयत्न करतं. कुकी पुसून टाकली तरी ही ओळख पुसली जात नाही. ज्यांनी ते बसवलं होतं त्यांतल्या कितीतरी जणांना याचा पत्ताही नव्हता. २०१६ साली ओरॅकलनं ही कंपनी विकत घेतली आणि ३१ मे २०२३ ला सेवा बंद केली. वर्षानुवर्षं वाचकांचा माग दिला, त्याचं मोल कोणाला मिळालं? संकेतस्थळवाल्यांना तर नाहीच.

आता सोयीकडे वळू. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळानं आपल्या काही पानांवर शेअरची बटणं लावून दहा आठवडे मोजदाद केली. हजार वेळा पान उघडलं गेलं, तर बटण जेमतेम दोनदा वापरलं गेलं. याचा अर्थ लोक काही पाठवत नाहीत असा नाही. लोक भरपूर पाठवतात, फक्त ते वरच्या पट्टीतला पत्ता उचलून चिकटवतात. आपल्या घरच्या गटात हे रोज घडतं. आत्या एखाद्या लेखाची लिंक टाकते आणि खाली लिहिते, "सुनील, शेवटचे दोन परिच्छेद नक्की वाच, तुझ्या बाबांच्या गुडघ्याबद्दल आहे." पाठवण्याचा सगळा अर्थ मला या एका ओळीत दिसतो. आत्यानं लेख पुरता वाचला आहे. तो कोणाच्या कामाचा आहे हे तिला ठाऊक आहे, आणि त्या माणसाला नावानं हाक मारून तिनं तो दिला आहे. बटण यातलं काहीच मागत नाही. वाचलंत का, कोणासाठी, कशासाठी, काही विचारत नाही. बटण काम सोपं करतं हे खरं, पण जी दोन मिनिटं ते वाचवतं त्याच दोन मिनिटांत माणूस विचार करत असतो.

ही वाचवलेली दोन मिनिटं किती महाग पडू शकतात, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होत्या. माणसं मारली ती जमावानं, हे मला जराही झाकायचं नाही. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि फोटो-व्हिडिओंच्या शेजारी असलेलं झटपट पुढे पाठवण्याचं बटण काढून टाकलं. बटण काढल्यानं फरक पडतो हे खुद्द कंपनीनं मान्य केलं. २०२० साली, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केल्यावर अशा संदेशांचं फिरणं ७० टक्क्यांनी घटलं, असं तिनंच सांगितलं. त्याच वर्षी ट्विटरनं लेख न उघडता पुढे पाठवणाऱ्याला "आधी वाचायचं आहे का?" असं विचारून पाहिलं, तेव्हा लेख उघडणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. एका प्रश्नाचा अडसर, आणि माणसं वाचायला लागली.

यावर छोटी मासिकं आणि साप्ताहिकं चालवणारे म्हणतील, आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत. वाचकांनी पुढे पाठवलं तरच आम्ही चार ठिकाणी पोचतो. तेही बंद करायचं का? ही अडचण खरी आहे आणि मला तिची जाणीव आहे. मराठीतलं उत्तम लेखन वाचकापर्यंत न पोचताच जुनं होतं, हे दुःख लहान नाही. पण पोचण्यासाठी परक्याचा कोड लागत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची साधी लिंक कोणाच्याही पानात लिहिता येते आणि ती दाबेपर्यंत कुठेही काही जात नाही. मोबाइलचा स्वतःचा शेअर करण्याचा पर्याय ब्राउझरमधून उघडता येतो, त्यातही मध्ये कोणी बसलेला नसतो.

त्याहून जास्त उपयोगाच्या गोष्टींकडे तर आपलं लक्षच नाही. बऱ्याच मराठी संकेतस्थळांवर लेखाचा पत्ता देवनागरी मथळ्यातूनच तयार होतो. पट्टीत तो छान दिसतो, पण उचलून चिकटवला की त्याचं टक्क्यांची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांचं चार-पाच ओळींचं भेंडोळं होतं. आत्यानं ते पाठवलं तरी सुनीलला ती लिंक उघडायची भीतीच वाटेल. पत्ता आखूड आणि रोमन लिपीत ठेवणं, लिंकसोबत मथळा व लेखाशी जुळणारं चित्र नीट दिसेल अशी तजवीज करणं, आणि संकेतस्थळाची नवी आवृत्ती काढताना जुने पत्ते मोडू न देणं, एवढं केलं तरी वाचकाच्या हाताला खरं बळ मिळेल. पाच वर्षांपूर्वी पाठवलेली लिंक आज उघडत नसेल, तर तिच्याखाली दहा बटणं असून काय फायदा?

आणि ते आकडे. किती जणांनी शेअर केलं हे लेखाशेजारी छापणं बंद झालं पाहिजे. ट्विटरनं आपल्या बटणावरचा आकडा नोव्हेंबर २०१५ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे काही ठिकाणी असे आकडे अजून मिरवतात. लोकगीतांच्या पाठभेदांवरच्या लेखाशेजारी '३' आणि नटाच्या लग्नाच्या बातमीशेजारी '१२ हजार' हे रोज पाहणारा संपादक पुढच्या अंकात काय घेईल, हे सांगायला नको. लेखकाचंही तेच होतं. मथळा आधी सुचतो आणि मजकूर त्याच्या मागून ओढला जातो.

तुम्ही एखादं संकेतस्थळ चालवत असाल तर एवढं करा. संगणकावर आपलंच पान उघडा, ब्राउझरमधल्या डेव्हलपर साधनांत 'नेटवर्क' हा भाग पाहा आणि पान पुन्हा लोड करा. आपलं पान वाचकाच्या नकळत कोणाकोणाकडे जाऊन येतं, ती सगळी नावं तिथे ओळीनं दिसतील. त्यांतलं जे नाव तुमच्या वाचकाला तोंडावर सांगायची तुमची तयारी नसेल, ते आजच काढून टाका.