राघूचा सौदा आणि आप्तवाक्य

कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावताना मंडळी जे प्रश्न विचारतात, ते कीर्तनाच्या विषयापेक्षा पुष्कळदा अवघड असतात. मागच्या महिन्यात आमच्या तळोज्यातल्याच एका गृहस्थांनी विचारले, "महाराज, फसविणारा पापी हे तर उघडच आहे. पण फसतो त्याच्याकडे काही दोष येतो की नाही?" मी वेळ मारून नेली. म्हटले, उद्या सांगतो. तो उद्या उजाडावयास महिना लागला. कारण खरे उत्तर द्यावयाचे तर मला माझीच गोष्ट सांगावी लागणार होती, आणि पाठशाळेत बारा वर्षे न्याय-मीमांसा घोकलेल्या माणसाने चार हजार रुपयांच्या राघूत गंडावे, ही गोष्ट व्यासपीठावरून सांगण्यासारखी नव्हे.

झाले ते असे. नातीला राघू हवा होता. नऊ वर्षांची पोर. तिने कोठेतरी बोलका राघू पाहिला, आणि "आजोबा, आपल्याकडे पण हवा" हे पालुपद सुरू झाले. मुलाने फोनवर एका विक्रेत्याचा पत्ता काढला. दुकान नव्हे, घरगुती विकणारा. पहाडी राघूचे पिलू आहे, खांद्यावर लाल पट्टा आहे, सहा महिन्यांत बोलू लागेल, किंमत साडेचार हजार, चारला देऊ. मात्र आणखी दोन गिऱ्हाइके आहेत, तेव्हा आजच पाचशे पाठवा. पाचशे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेंधर मेट्रोच्या पुलाखाली एक तरुण मुलगा झाकलेली टोपली घेऊन आला. मी मुद्दाम बरोबर गेलो होतो. म्हातारा माणूस असला म्हणजे लबाडी होत नाही, असा माझा समज. मी विचारले, "याचे काही कागदपत्र?" तो हसला. म्हणाला, "महाराज, कागद कशाला? घरचाच हाय. आमच्याकडंच जल्मला. फक्त कुणाला दावत फिरू नका."

वाचकहो, हे शेवटचे वाक्य नीट ऐका. मी ते ऐकले, समजलो, आणि साडेतीन हजार मोजून दिले.

आठव्या दिवशी सूनबाईने ओल्या फडक्याने पिलाची विष्ठा पुसली, तेव्हा खांद्याचा लाल पट्टा फडक्यावर आला. तळोज्याच्या माणसाला खरे म्हणजे रंगाचे नवल वाटू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्या औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री हिंडताना साऱ्या देशाने पाहिली. एका कारखान्याच्या रंगाने ती निळी झाली होती, आणि पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करविला. तेव्हा त्या कुत्र्यांना पाहून कोणी म्हटले नाही की ही निळ्या जातीची आहेत. आपण कुत्र्यावरचा रंग ओळखतो आणि राघूवरचा ओळखत नाही, याचे कारण डोळ्यात नाही. निळे कुत्रे कोणाला नको होते. लाल खांद्याचा राघू मला हवा होता.

आता थोडे शास्त्राकडे वळू. श्रीशंकराचार्य मंडनमिश्रांचे घर शोधीत गेले, तेव्हा पाणवठ्यावरच्या बायकांनी खूण सांगितली की, ज्या दारी पिंजऱ्यातले राघू 'ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः की परतः' असा वाद करतात तेच त्यांचे घर, अशी कथा आहे. कीर्तनात ही कथा सांगितली की लोक हसतात, आणि राघू काय विचारीत होते ते तसेच राहते. प्रश्न साधा आहे. मला एखादी गोष्ट कळली, ती खरी मानावयास दुसरा पुरावा लागतो काय? मीमांसक म्हणतो, लागत नाही. बाध येईपर्यंत ज्ञान खरेच धरावे. नैयायिक म्हणतो, खरेपणा बाहेरून पडताळावा लागतो. संसार मीमांसकाच्या मताने चालतो. आईने दूध दिले, प्यालो. वाटसरूने वाट दाखविली, चाललो. प्रत्येक घोटाला पुरावा मागत बसलो तर तहानेने मरू. पण हाच मीमांसक बाजारात गेला की त्याने घटकाभर नैयायिक व्हावे, असे माझे मत आहे. आणि मी पेंधरच्या पुलाखाली नेमके उलटे केले.

दुसऱ्याचा शब्द केव्हा प्रमाण? तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त कोण, याची न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी केलेली व्याख्या फार उदार आहे. तो ऋषीच असला पाहिजे असे नाही. आर्य, म्लेच्छ कोणीही चालेल. मात्र त्याने ती वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. ही कसोटी राघूवाल्याला लावून पाहा. वस्तू तो माझ्यापेक्षा चांगली जाणत होता, यात शंका नाही. रंग त्यानेच लावला होता! राहिली इच्छा. ज्याचे पोट माझ्या विश्वासावर भरते, ज्याला मी पुन्हा कधी भेटणार नाही, जो 'आजच पैसे पाठवा' म्हणतो, त्याची इच्छा मी कशावरून ताडली? चेहऱ्यावरून. 'महाराज' म्हणाला, एवढ्यावरून.

तेव्हा पडताळा कसा घ्यावयाचा, ते मी नंतर पनवेलच्या एका पशुवैद्यांकडून आणि दोन जाणत्या पक्षीपालकांकडून शिकलो; उशिरा आलेले शहाणपण दुसऱ्याच्या तरी उपयोगी पडो. पहिली गोष्ट म्हणजे पैसे पक्षी पाहिल्यावर. पाहावयाचा तोही पुलाखाली नव्हे, जेथे तो वाढला तेथे, शक्य तर त्याच्या आईबापांसह. "घर दूर आहे, मीच आणून देतो" असे ज्याचे म्हणणे, त्याचे घर नसते. फोनवर चित्र पाठविले तर ते कोणाच्या राघूचे आहे, हे चित्र सांगत नाही. 'आत्ताच्या आत्ता फोनवर जिवंत दाखव आणि पिंजऱ्याशेजारी आजचे वर्तमानपत्र धर' म्हणावे, पुष्कळांची बोलती तेथेच बंद होते. बोलका म्हणून विकत असेल तर तुमच्यासमोर बोलला पाहिजे. ध्वनिफितीवरचे बोलणे कोणाचेही असते. पिसे फुगवून बसलेला, श्वासागणिक शेपटी वरखाली करणारा, नाकपुडी ओली किंवा खालची पिसे घाणीने माखलेली असा पक्षी 'प्रवासाने दमलाय' म्हणून गळ्यात मारतात. तो आजारी असतो. जे पिलू स्वतःच्या चोचीने दाणा खात नाही, ते नवशिक्याने घेऊ नये. 'हाताने भरवलेले लाडके पिलू' हे ऐकावयास गोड. पण भरविणे चुकले की घास श्वासनळीत जातो आणि पिलू हातात मरते. पायातल्या कड्याचेही तसेच. अखंड कडे पिलाचा पाय लहान असताना पहिल्या काही आठवड्यांतच चढते. उघडझाप होणारे कडे काल रात्रीही घालता येते. नर की मादी हे कोवळ्या पिलाकडे पाहून सांगणारा ज्योतिषीच म्हणावा. आपल्या साध्या कीर राघूच्या नराला कंठ फुटावयास दोन-तीन वर्षे लागतात. पिसावरून तपासणी होते, पण अहवालावरचा क्रमांक आणि पायातल्या कड्याचा क्रमांक एक आहे का, तेही पाहावे.

परदेशी राघूंच्या नावाने चालणारा प्रकार आणखी निराळा. खारघरचे एक श्रोते आफ्रिकेतला राखाडी राघू घेणार होते. आधी पाच हजार अनामत. मग पाठवणीचे. मग पिंजऱ्याचे, ते परत मिळणार. मग विम्याचे. मग विमानतळावर अडकला म्हणून परवान्याचे. दर वेळी वाटायचे, एवढे दिले, आता थोड्यासाठी कशाला सोडा. अडतीस हजार गेले आणि राघूचे पीसही आले नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी नळीवरच्या राघूचा दृष्टान्त दिला आहे. राघू बसताच नळी फिरते, तो उलटा होतो, आणि आपल्याला कोणी बांधले या समजुतीने ती नळी अधिकच घट्ट धरतो. चाळीस वर्षे मी तो दृष्टान्त जीवदशेला लावून सांगतो आहे. या गृहस्थांची हकीकत ऐकली तेव्हा प्रथमच वाटले की हा दृष्टान्त अगदी शब्दशः व्यवहाराचाही आहे. पाच हजारांवर पाय सोडला असता तर तेहतीस वाचले असते. मात्र त्यांनी एक चांगले केले. लाज बाजूला ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदविली.

मी नोंदविली नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, पोलिसांत जाऊ." मी नको म्हटले. का? कारण पट्ट्याचा रंग उडाल्यावर खाली जो निघाला तो आपला रानातला कीर. आणि समजा पट्टा खरा असता, तरी तो पहाडी राघूही रानातलाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातले राघू पकडणे, विकणे, विकत घेणे, पाळणे हे सारे गुन्हे आहेत. 'घरी जन्मला' ही सबब तेथे चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तो कायदा आणखी कडक झाला. आणि परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात, म्हणजे सायटिसच्या याद्यांत आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी सक्तीची केली. तो राखाडी राघू २०१७ पासून त्या कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. बजरी, कॉकटील असे थोडे पक्षी या याद्यांबाहेर आहेत, त्यांचा सौदा उजेडात होऊ शकतो. माझा सौदा पुलाखालच्या अंधाराचा होता. तक्रार करणे म्हणजे कबुली देणे.

आणि येथे मला त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. विक्रेत्याने रंगावर भिस्त ठेवली नव्हती. रंग आठ दिवसांत उडणार हे त्याला ठाऊक होते. त्याची भिस्त माझ्या तोंड बंद ठेवण्यावर होती. 'कुणाला दावत फिरू नका' म्हणताना त्याने मला फसविले नाही, भागीदार करून घेतले. आणि भागीदारी मी मान्य केली. अंधारात व्यवहार करणाऱ्याला गिऱ्हाईक भोळे नको असते. किंचित दोषी हवे असते, म्हणजे ते पोलिसांत जात नाही.

यावर कोणी म्हणेल, महाराज, मग तुम्ही चोराचे पाप सावाच्या माथी मारता. तसे नाही. घरच्या उपचारासाठी पैसे पाठवून फसलेला, निवृत्तीवेतन बुडालेला, भोळेपणाने अंगठा देणारा, यांच्याकडे दोषाचा कण नाही, आणि 'तुम्हीच सावध राहायला हवे होते' असे त्यांना ऐकविणारे मला राक्षस वाटतात. लबाडाचे पापही माझ्या दोषाने तसूभर कमी होत नाही. खारघरच्या त्या श्रोत्यांच्या वाट्याला हाव आली असेल. माझ्या वाट्याला जाणून केलेला कानाडोळा आहे. दोन्हींना फसणे हा एकच शब्द आपण वापरतो, एवढीच अडचण.

आणि या सौद्यात सर्वांत अधिक फसले कोण? पाठशाळेत बाणभट्टाची कादंबरी शिकताना शाल्मलीच्या झाडाचा प्रसंग होता. म्हातारा शबर झाडावर चढतो, ढोलीढोलीतून पिले काढून माना मुरगळून खाली टाकतो. एक बाप आपले पिलू पंखांखाली झाकून मरतो, आणि ते पिलू पाचोळ्यावर पडते म्हणून वाचते. आमचे गुरुजी तेथे समास सोडविताना थांबले होते, डोळे पुसले होते. मी त्या प्रसंगातले समास आजही सोडवून दाखवीन. पण टोपलीतले पिलू पाहताना मला ते झाड आठवले नाही. शूद्रक राजाच्या दरबारात बोलक्या राघूचे कौतुक झाले, तेवढेच आठवत होते.

पिलू नीट खात नव्हते. मी वीस दिवस घालविले. आधी लाजेने, मग भीतीने, मग 'थोडे सुधारले की बघू' म्हणून. एकविसाव्या दिवशी नातीने विचारले, "आजोबा, हा आपला आहे तर लपवून का ठेवायचा?" त्याच दुपारी मी वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. दोघे आले. त्यांनी पिलाला डब्यात घातले, माझे नाव-गाव लिहून घेतले, कोठून घेतला ते विचारले. विक्रेत्याचा फोन बंद होता, तो क्रमांक तेवढा दिला. पुढे माझ्यावर काय व्हावयाचे ते होईल, मी नाही म्हटलेले नाही. पिलू उडू लागले तर रानात सोडू, असे ते म्हणाले. उजवा पंख अशक्त आहे.

पिंजरा माळ्यावर टाकला आहे. नात दर रविवारी फोन करावयास सांगते, त्याचा पंख कसा आहे म्हणून. मी करतो.