पाळीचे पाणी

“पाळी माझी आहे, मी हवे तितके पाणी घेईन,” असे शेतकरी सहज म्हणतो. शिवभक्तहो, यात अधर्म कोठे? त्याने चोरी केली नाही, हे खरे. परंतु पाळी म्हणजे मालकी नव्हे. ती ठराविक वेळेपुरती सोपविलेली ठेव होय. पाटाच्या तोंडाशी ऊस बुडावा आणि शेवटाला जोंधळा वाळावा, तेथे नियम पाळला जातो, दासोह मोडतो.

सोलापुरी शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळे बांधविले, ते सर्वांसाठी. लोकांची तहान भागविणे हेच त्यांचे कायक झाले. आपल्या काळात, १९७० नंतरच्या दशकात, पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. तेथे वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही हक्क, उसाला मनाई. इष्टलिंग राव-रंक सर्वांच्या अंगावर सारखे, तसाच हा न्याय.

पादोदकाचा थेंब आपण भुईवर सांडू देत नाही. मग पाट रात्रभर मोकाट का सोडावा? वाफा भिजला की, पाळीची घटका उरली असली तरी, दारे मोडून पाणी पुढच्यास द्यावे. हीच जंगमसेवा. शरणु शरणार्थी.