शनिवारपुरती आशा

१९४३ साली कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलंडचे निर्वासित आले. रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराण, कराची करत ते इथवर पोचले. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, असं गावच तिथे वसलं. गोष्ट त्या छावणीतली. माणसं मात्र कल्पनेतली.

एका बराकीत एक बाई गाठोडं न सोडताच राहत होती. नवरा सैन्यात अधिकारी. १९४० च्या वसंतापासून त्याचं पत्र नव्हतं. कात्यिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडल्याची बातमी १९४३ च्या एप्रिलमध्ये जगभर झाली होती. बाईने ती ऐकली होती, पण ऐकलीच नाही असं ती वागे.

छावणीत मदतीचं काम करणारी एक तरुण मुलगी तिला रोज म्हणे, "येईल हो पत्र." टपाल आलं की बाई धावे आणि रित्या हाताने परते. पुढे तिने जेवणच टाकलं. मुलगी घाबरून शाळेतल्या वयस्कर बाईंकडे गेली.

त्या शिक्षिका बराकीत आल्या. त्यांनी पत्राचं नावही काढलं नाही. "शनिवारी पोरांचं नाटक आहे. सहा झगे शिवायचेत, माझ्या एकटीच्याने होत नाही."

"उद्याचा भरवसा नाही, अन् शनिवारचं काय घेऊन बसलात?"

"भरवसा मलाही नाही. पण झगे शनिवारी लागणारच."

गाठोडं सोडावं लागलं. कात्री त्याच्या तळाशी होती.

बाहेर येताच मुलगी कुरकुरली, "धीराचे दोन शब्द तरी बोलायचे."

"कोणते? तो जिवंत आहे हे तुला ठाऊक आहे? शनिवार तेवढा आपल्या हातात आहे."

मुलीला फार दोष देववत नाही. दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून असलं गोड खोटं कुणीही बोलतो. बरं वाटतं ते बोलणाऱ्यालाच.

झग्यांतून शिवणवर्ग निघाला. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा परिषदेची बातमी आली: त्यांचा पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहणार. परतायला घर उरलं नाही. आज वर्ग कसला, असं सगळ्यांनी धरलं होतं. गाठोडं सोडलेल्या त्या बाईने तो भरवला. रडणाऱ्यांना रडू दिलं, मग म्हणाली, "घरी जायचं म्हणून शिकत होतो. आता कुठेही जावं लागेल, तर कुठेही पोट भरेल असं शिकू." शाळेत इंग्रजीचे जादा तास लागले.

नवऱ्याचं पत्र कधीच आलं नाही.

१९४८ मध्ये छावणी उठली. काहीजण पोलंडला परतले, बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. मोकळ्या बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. परतायला घर त्यांनाही नव्हतं. त्यांनी दुकानं मांडली. तेच आजचं गांधीनगर, कोल्हापूर भागातली कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ.