बरं झाल्यानंतरचं दुखणं

रिपोर्ट स्वच्छ आला की घरातले पेढे आणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. फुप्फुसाचा कर्करोग वेळेत सापडावा, तो शस्त्रक्रियेने काढण्याजोगा असावा, काढल्यावर भोवतीच्या गाठींत काही निघू नये, हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येणं आपल्याकडे भाग्याचंच समजायचं. बहुतेकांना आजार कळतो तोवर तो बराच पसरलेला असतो. माझ्या उजव्या फुप्फुसाचे तीन खंड होते, आता दोन आहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोडं टेकावं लागतं, बाकी श्वासाची तक्रार नाही. तक्रार आहे ती बरगडीची. आणि ती कोणाजवळ करायची हे कळत नाही, कारण पेढे वाटून झालेले असतात.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते. तिच्यातून रक्तवाहिन्या जातात आणि त्यांच्याही खाली, सगळ्यात कमी आडोशाला, मज्जातंतू. फुप्फुसापर्यंत हात पोहोचायचा तर दोन बरगड्यांच्या मधून वाट काढावी लागते. त्यासाठी रिट्रॅक्टर लावून ती फट रुंद करतात आणि काम संपेपर्यंत तशीच ताणून धरतात. त्या ताणात तंतू चेंगरतो, कधी टाक्यात आवळला जातो. हल्ली दुर्बिणीने लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया होते, तिच्यात त्रास कमी. पण छिद्रंही बरगड्यांच्या मधूनच पाडायची असल्यामुळे तंतू पुरता सुटतो असं नाही. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीही जवळपास निम्म्या रुग्णांना काही ना काही दुखत असतं. निम्म्या! एवढी मोठी पंगत असूनही प्रत्येकाला वाटतं की पान आपल्या एकट्याचंच मांडलंय. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी आमचं दुखणं कागदोपत्री बेघरच होतं म्हणायचं.

ते दिसतं कसं? दिसत नाहीच. व्रणापासून पुढे, छातीखालून पोटाकडे येणारा एक पट्टा आहे. तिथे बोट दाबलं तर कळत नाही आणि पदर सरकला तर आग होते. नुसत्या कापडाच्या स्पर्शाने होणाऱ्या या वेदनेला डॉक्टर अ‍ॅलोडायनिया म्हणतात. शिंप्याला मी सांगितलं, उजव्या बगलेखालची शिलाई बाहेरून घाल, माया आत नको. आधी तो म्हणाला, "ताई, फिनिशिंग जाईल." मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाला आणि बाहेरून त्याच रंगाचा बारीक गोट लावून दिला, कोणाला वाटावं ती फॅशनच आहे. रिक्षात मी डाव्या बाजूला बसते, गतिरोधक दिसला की दांडी धरते. शिंक येणार असं वाटलं तर आधी हाताशी उशी ओढते. हे सगळं आता इतकं अंगवळणी पडलंय की यात काही वेगळं आहे हे बघणाऱ्याने सांगितल्यावरच लक्षात येतं.

पावसाळ्यात भिंतीत ओल शिरली की दारावरची बेल कधी कधी आपली आपण वाजते. पहिल्यांदा आपण धावत जातो, दार उघडतो, जिन्यात डोकावतो. कोणी नसतं. पुन्हा वाजते, पुन्हा उठतो. चार दिवसांनी कळतं की वायर ओली आहे, पाहुणा नाही. पण त्यामुळे बेल वाजायची थांबत नाही आणि ती ऐकू यायचीही थांबत नाही. माझ्या बरगडीचं तेच झालंय. दुखणं खरं आहे, वायरही खरी आहे. दाराबाहेर मात्र कोणी नाही.

पण आमचा घोळ असा, की याच दारातून एकदा तो खरोखरच आत आलेला असतो. त्यामुळे प्रत्येक कळेसरशी मन जिन्यात डोकावून येतं. सीटी स्कॅनची तारीख जवळ आली की बरगडी जास्त दुखते, हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मनाचे खेळ. असतीलही. वेदना नुसती मज्जातंतूत नसते, तिच्यात भीतीही मिसळलेली असते, हे आता वेदनेचे तज्ज्ञच सांगतात. मात्र मनाचे म्हणजे खोटे, हे कोणी ठरवलं? डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावून दिली, ती उपयोगाची आहे: जुन्याच पट्ट्यात जुन्याच तऱ्हेने दुखतंय तर घाबरायचं नाही, नव्या जागी दुखू लागलं, दिवसेंदिवस वाढत गेलं, रात्री हाडातून ठणकू लागलं, वजन उतरू लागलं तर तारखेची वाट न बघता यायचं. एवढं कळल्यावर झोप थोडी सुधारली.

लोकांना मात्र दुखण्याचा अर्थ लावल्याशिवाय चैन पडत नाही. कोणी म्हणतं देव परीक्षा बघतोय, कोणी म्हणतं मागचं काहीतरी फिटतंय. आणि जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "पण तुम्ही ओढायचा नाहीत ना?" मी नाही ओढली कधी. आपल्या देशात सिगारेटला हात न लावलेल्यांनाही हा रोग बऱ्याच प्रमाणात होतो, बायकांना तर विशेष. पण समजा ओढली असती, तर? वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, जन्मभर बिडी ओढलेले. खोकला आला की त्यांचीही उशीसाठी हीच धडपड.

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अख्खं फुप्फुस एका वेळी काढूनही रुग्ण वाचला, असं पहिल्यांदा घडलं ५ एप्रिल १९३३ रोजी. अमेरिकेत सेंट लुईसला इव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जनने जेम्स गिलमोर नावाच्या रुग्णाचं डावं फुप्फुस काढलं. मागे उरलेली पोकळी बसावी म्हणून काही बरगड्याही काढल्या. गिलमोर स्वतः प्रसूतितज्ज्ञ होता. बरा होऊन तो कामावर परतला आणि १९६३पर्यंत जगला. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढणारा. त्यानेच १९५० मध्ये अर्न्स्ट वाइंडरबरोबर धूम्रपान आणि हा रोग यांचं नातं दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला, सिगारेट सोडली, आणि १९५७ मध्ये याच रोगाने गेला. रुग्ण मागे राहिला, डॉक्टर पुढे गेला. यात कोणाला न्याय दिसत असेल तर दिसो, मला दिसत नाही. मला या हकिगतीत दुसरंच काहीतरी शोधावंसं वाटतं: गिलमोर किती वर्षं जगला हे सगळे सांगतात, पण त्या वर्षांत तो कोणत्या कुशीवर झोपत होता, ओव्हरकोट चढवताना ओठ आवळत होता का, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. वर्षं मोजता येतात, म्हणून मोजली जातात.

आणि आपण तरी कुठे सांगतो? तपासणीला गेल्यावर "कसं वाटतंय?" या प्रश्नाला "बरं आहे" हे उत्तर तोंडात तयारच असतं. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यासमोर बरगडीचं रडगाणं काय गायचं, असा संकोच. बायकांना तर सोसण्याबद्दल शाबासकी घ्यायची सवय लहानपणापासूनच लावलेली. माझ्या मते ही शाबासकी महागात पडते. या दुखण्यावर औषधं आहेत. साध्या वेदनाशामक गोळीला ते फारशी दाद देत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अगदी थोड्या मात्रेत अमिट्रिप्टिलीन अशी तंतूंवर काम करणारी औषधं त्याला लागतात. लिग्नोकेनची पट्टी व्रणावर लावता येते, काहींना तंतूजवळ इंजेक्शन देऊन आराम पडतो. मोठ्या रुग्णालयांत आता वेदनेसाठी वेगळी ओपीडी असते. तिथे शून्य ते दहामध्ये आकडा विचारतात. मी म्हटलं, पदराचे चार, शिंकेचे आठ, नातेवाइकांच्या सल्ल्यांचे धरायचे का? डॉक्टरीणबाई हसल्या, पण पदर आणि शिंक दोन्ही त्यांनी लिहून घेतलं. गोळीने बेल बंद झाली नाही, आवाज उतरला. सकाळी डोकं जड असतं, अकरापर्यंत उतरतं. म्हणून लिहिण्याची कामं त्यानंतर.

परवा साताऱ्याहून आत्याचा फोन आला. तिची ऐंशी उलटली आहे, दोन्ही गुडघे गेलेले. "कशी आहेस?" म्हणाली. "बरी आहे, उजवी बरगडी दुखते," मी म्हटलं. यावर लोक जे म्हणतात ते ती म्हणाली नाही. लगेच विचारलं, "मग डाव्या कुशीवर झोपत असशील. वरचा हात कुठे ठेवतेस?" मी म्हटलं, छातीशी उशी घेऊन तिच्यावर. "कापसाची की फोमची?" फोमची. "फोमची नको, ती उसळते, कापसाची जुनी घे, चपटी झालेली." तिच्या गुडघ्यांमध्येही तसलीच एक असते म्हणे, आजोबांच्या वेळच्या गादीतल्या कापसाची. पुष्कळ वेळ आम्ही उशांवरच बोललो. रिपोर्टचं विचारायचं तिच्या राहूनच गेलं.