मुठीकडे वळणारा चेंडू

बेसबॉलमधली एक समजूत इतकी पक्की आहे की तिच्या जोरावर अनेकांची कारकीर्द उभी राहिली. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्या पिचरसमोर डावखुरा फलंदाज आला की पारडं फलंदाजाकडे झुकतं. चेंडू पिचरच्या हातातून सुटतो तेव्हापासून डावखुऱ्याला तो नीट दिसतो आणि वळला तरी त्याच्याकडेच वळतो. आपल्याकडे डावखुऱ्यासमोर ऑफस्पिनर आणतात त्यामागेही हाच विचार असतो, की लांब जाणारा चेंडू अवघड आणि आत येणारा त्या मानाने सोपा. म्हणून अमेरिकेतले मॅनेजर एका डावखुऱ्या फलंदाजासाठी खास डावखुरा पिचर मैदानात आणत आणि त्याचं काम झालं की लगेच बदलत. पिचरने किमान तीन फलंदाजांना तोंड द्यावं किंवा डाव संपवावा, हा नियम 2020 मध्ये आला तेव्हा कुठे ही ये-जा आवरली.

पॅट व्हेंडिटे या पिचरने ही समजूत मान्य करून तिच्यावर उत्तर शोधलं. तो दोन्ही हातांनी चेंडू टाकायचा. त्याच्या ग्लोव्हला दोन अंगठे होते, म्हणजे तो कुठल्याही हातात चढायचा. 2008 मध्ये कनिष्ठ लीगच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज त्याच्यासमोर आला. फलंदाजाने बाजू बदलली की व्हेंडिटे ग्लोव्ह बदलायचा, त्याने ग्लोव्ह बदलला की फलंदाज पुन्हा बाजू बदलायचा. खेळ तिथेच अडला आणि त्यासाठी नियम करावा लागला. 2015 मध्ये ओकलंडकडून तो मेजर लीगमध्ये पोचला. त्याच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण डावखुऱ्याला डाव्या हातानेच टाकावं हे त्याच्या उत्तरातही गृहीतच होतं.

उजव्या हाताने टाकणाऱ्या मारियानो रिव्हेराने ते गृहीतच उलटं केलं. पनामातल्या प्वेर्तो कैमितो या मासेमारीच्या गावातला हा मुलगा न्यूयॉर्क यांकीजकडे आला आणि सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर झाला. जून 1997 मध्ये डेट्रॉइटला सामन्याआधी तो रामिरो मेंडोझाबरोबर नुसती फेकाफेकी करत होता. रिव्हेराचा सरळ चेंडू अचानक शेवटच्या क्षणी वळू लागला आणि मेंडोझाला तो झेलता येईना. रिव्हेराला त्याचा आनंद झाला नाही. चेंडू कुठे जाईल याचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर आणि तो ही खोड घालवायच्या मागे लागले. बरेच दिवस झटूनही ती जाईना, तेव्हा त्यांनी प्रयत्न सोडले. रिव्हेरा याला देवाची देणगी मानतो. मला त्यात आणखी एक गोष्ट मोठी वाटते. जे सरळ होत नव्हतं ते सरळ करायचा हट्ट दोघांनी वेळेवर सोडला.

हा चेंडू म्हणजे कटर. पिचरपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर साठ फूट सहा इंच आहे आणि रिव्हेराच्या वेगाने चेंडू ते जेमतेम चार दशांश सेकंदात कापतो. फलंदाजाला त्याहून खूप आधी बॅट फिरवायला सुरुवात करावी लागते. रिव्हेराचा चेंडू त्या निर्णयापर्यंत सरळ येई आणि मग काही इंच आत, डावखुऱ्याच्या मुठीकडे सरके. बॅटच्या जाड भागाशी गाठ पडायची ती बारीक दांड्याशी पडे आणि लाकूड मोडे. 1999 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये अटलांटाच्या रायन क्लेस्कोने प्लेटवरच्या एकाच फेरीत तीन बॅट मोडून घेतल्या. रिव्हेराच्या संपूर्ण कारकिर्दीत डावखुऱ्यांची सरासरी उजव्यांपेक्षाही कमी राहिली. दोन्ही बाजूंनी खेळणारे काही फलंदाज तर त्याच्यासमोर उलटा हिशेब करून उजव्या बाजूनेच उभे राहत.

समजूत खोटी नव्हती. पण ती हातांबद्दल बोलत होती आणि खरं कारण दडलं होतं चेंडूच्या वळणात आणि वळण्याच्या वेळेत. आत येणारा चेंडू सोपा असतो, कारण तो लवकर ओळखता येतो. ओळखायला वेळच उरला नाही, तर त्याच्याइतका जाचक चेंडू दुसरा नाही, कारण तो फलंदाजाला हात मोकळे करू देत नाही. अनुभवातून आलेले ठोकताळे परिणाम जपून ठेवतात आणि कारण विसरतात. मग कुणाच्या तरी बोटांमधून कारणच बदलतं, तरी ठोकताळा आपल्या जागी रुबाबात बसून राहतो. ही गोष्ट मला या खेळापुरती वाटत नाही. शाळेत, दवाखान्यात, शेतात किती निर्णय अशा कारण हरवलेल्या नियमांवर चालत असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

अर्थात रिव्हेराच्या पद्धतीलाही किंमत होती आणि ती 4 नोव्हेंबर 2001 च्या रात्री ॲरिझोनात वसूल झाली. वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, शेवटचा डाव, यांकीज एका धावेने पुढे. डावखुऱ्या टोनी वोमॅकच्या फटक्याने बरोबरी झाली. डावखुऱ्या क्रेग काउन्सेलला आत येणारा चेंडू लागला आणि तिन्ही बेस भरले. मग आला डावखुरा लुइस गोन्झालेझ. विजयाची धाव तिसऱ्या बेसवर उभी होती, म्हणून यांकीजने आतले क्षेत्ररक्षक पुढे ओढले. समालोचक टिम मॅकार्व्हरने तेव्हाच धोका सांगितला: रिव्हेरा डावखुऱ्यांना आत टाकतो, त्यामुळे अर्धवट लागलेले फटके या क्षेत्ररक्षकांच्या मागे जाऊन पडतात. गोन्झालेझने बॅट नेहमीपेक्षा वर धरली होती. रिव्हेराने टाकायचा तसाच कटर टाकला, तो मुठीजवळच लागला, आणि डेरेक जीटर नेहमीच्या जागी असता तर सहज झेलला असता असा चेंडू त्याच्या डोक्यावरून मागच्या गवतात पडला. यांकीज हरले.

त्या चेंडूत दोष शोधायला मी तयार नाही. डावखुऱ्याला हतबल करणारा जो चेंडू होता, तोच त्या रात्री पडला. चुकीच्या जागी उभं होतं ते क्षेत्ररक्षण. रिव्हेराने यातून कटर सोडायचा धडा घेतला नाही. पुढची बारा वर्षं, 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्याचं मुख्य अस्त्र तेच राहिलं, आणि समोर उभ्या प्रत्येक डावखुऱ्याला काय येणार हे आधीच ठाऊक असे.