आधी इथे कोण राहायचं?

दोन दिवसांच्या सुट्टीत माणसाने इतिहासाचं किती ओझं घ्यावं? तुर्कीतल्या आयवालिकमध्ये बायकोचा आणि माझा वाद यावरच चालला होता.

एजियन समुद्रावरचं हे गाव ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचं. १९२२मध्ये ते हाकलले गेले आणि १९२३च्या लोझान कराराने परतीची वाट बंद झाली. त्यांच्या घरांत लेस्बॉस, क्रीटहून उठवलेले मुसलमान आले. निकष एकच, धर्म. त्यामुळे क्रीटचे मुसलमान तुर्कीत उतरले ते ग्रीक बोलत! (आम्ही साधा डेटा हलवतानाही यापेक्षा जास्त कॉलम बघतो.) इथली घड्याळवाली मशीद म्हणजे पूर्वीचं चर्च.

आता 'जुनं ग्रीक घर' म्हणून खोलीचं भाडं चढतं. मला ते खटकलं. हाकललेल्यांच्या नावावर कमाई?

"पण घरात आले तेही हाकललेलेच ना? त्यांनी काय रस्त्यावर राहायचं होतं?" बायको म्हणाली. बरोबर आहे. त्यांना चोर म्हणता येत नाही. पण म्हणून आधीच्यांचा हक्क संपतो, हेही मला पटत नाही.

शेवटी तिनेच मालकाला विचारलं, आधी इथे कोण राहायचं? तो त्याच्या पणजीच्या क्रीटमधल्या घराबद्दल सांगत बसला.