काकांच्या नावाने खडे फोडू नकोस

काच वाकडी आली म्हणून सकाळपासून पॉलिशवाल्या काकांच्या नावाने खडे फोडतोयस. पिरंगुटच्या अख्ख्या शेडला ऐकू गेलं. आता माझं ऐक.

कोटिंगच्या आधी ती काच इंटरफेरोमीटरवर लावून पाहिलीस का? नाही. मग ती वाकडीच आली होती, हे कोणत्या तोंडाने सांगतोस? आत्ता उलटी करून बघ. पुढची बाजू जेवढी फुगली, तेवढीच मागची आत गेलीय. घासण्यात चूक असती तर दोन्ही बाजू अशा जोडीने वाकल्या नसत्या. अख्खी काच वाकलीय, आणि ती तुझ्या थरांनी वाकवलीय.

स्टोनींनी 1909 साली पोलादी पट्ट्यांवर निकेल चढवून हेच मोजलं. त्यांचं सूत्र परीक्षेत लिहून मार्क घेतलेस आणि कामाच्या वेळी विसरलास! 50 मिलिमीटर व्यासाची, 6 मिलिमीटर जाडीची बीके-7 काच. त्यावर आयन बीमने चढवलेले 4 मायक्रॉनचे थर. थरांतला दाब 300 मेगापास्कल धर. कडेला वाक येतो सुमारे 600 नॅनोमीटर, म्हणजे हेलियम-निऑन लेसरची जवळपास पूर्ण तरंगलांबी. ड्रॉइंगवर मागितलाय एक-दशांश. काच 12 मिलिमीटरची घेतली असतीस तर वाक चौथाईवर आला असता, तरी माल नापासच. मागच्या बाजूलाही तेवढ्याच दाबाचे थर द्यायला हवे होते. भट्टीत तापवून दाब उतरतो, पण किती, ते आधी नमुन्याच्या काचेवर मोजायचं असतं.

आणि इलेक्ट्रॉन बीमवरची ती दुसरी बॅच? ती सिलिका सच्छिद्र असते, हवेतलं पाणी पिते आणि तिचा ताण बदलतो. मुळशीचा जुलै तुला नवा नाही. चेंबरमधून काढल्या काढल्या मोजून 'पास' लिहायचं, हे आजपासून बंद. दमट हवेत ठेवून पुन्हा मोजायचं आणि आकड्याशेजारी आर्द्रता लिहायची.

औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय, तिथे काम करायचं म्हणतोस. अमेरिकेतल्या लायगोचे आरसे 20 सेंटिमीटर जाड, 40 किलोचे आहेत. त्यांचीही वक्रता कोटिंगनंतर पुन्हा मोजली गेली. तू 6 मिलिमीटरची काच न मोजता पुढे ढकललीस.

जा, आधी काकांची माफी माग. मग दोन्ही बॅचचा हिशेब वहीत मांड. तो मी तपासेपर्यंत चेंबरला हात लावायचा नाही.